दोन खणांचा डबा



एका शनिवारी वर्गात मी तुम्हाला 'साठवणे' या क्रियापदावर वाक्यं करायला सांगितली होती. कुणी लिहिलं, "आजी लोणचं साठवते." कुणी लिहिलं, "उंट पाठीत पाणी साठवतो." (उंटाच्या पाठीत चरबी असते, पाणी नाही. पण व्याकरण बरोबर होतं, म्हणून मी पूर्ण गुण दिले.) आणि एकीने लिहिलं, "माझे बाबा फोटो साठवतात आणि मग ते हरवतात."

सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगू? ते वाक्य मला जरा लागलं. कारण ते माझ्यावरच लिहिल्यासारखं होतं. म्हणून या वेळचा धडा मी स्वतःच लिहायला घेतला.

आधी माझी थोडी ओळख. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. सातारा जिल्ह्यातल्या पाटणला मराठी शाळेत शिकलो. कॉम्प्युटरला आमच्या पुस्तकात 'संगणक' म्हणत आणि शाळेतला एकुलता एक संगणक हेडमास्तरांच्या खोलीत कापडाखाली झाकलेला असे. आता मी आयटीत काम करतो. काय काम? हसू नका. कंपनीच्या सर्व्हरचा बॅकअप नीट होतोय की नाही, हे बघणाऱ्या टीममध्ये मी आहे. बॅकअप म्हणजे माहितीची दुसरी प्रत. मूळ प्रत खराब झाली तर उपयोगी पडावी म्हणून ठेवलेली.

मराठीत एक म्हण आहे, 'दिव्याखाली अंधार'. दिवा सगळ्या खोलीला उजेड देतो, पण त्याच्या बुडाशी मात्र अंधार असतो. माझ्या घरचं अगदी तसं होतं.

२०१५ साली मी सुट्टीला पाटणला गेलो होतो. तेव्हा माझी आजी चौऱ्याऐंशी वर्षांची होती. दुपारी जेवणं झाली की ती ओसरीवर बसायची आणि बोलायची. मी फोन तिच्याजवळ ठेवायचो आणि रेकॉर्डिंग सुरू करायचो. तिला ते कळायचं, पण काही वाटायचं नाही. असे अकरा दिवस, अकरा फाइली. भाताची लावणी, तिचं लग्न, तिच्या माहेरची म्हैस, आणि एका फाइलमध्ये कोयनेचा भूकंप.

हा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चारनंतर झाला. कोयनानगरची बहुतेक घरं पडली. किमान पावणेदोनशे माणसं दगावली. हे सगळं तुम्हाला इंटरनेटवर सापडेल. पण आजीने मला सांगितलं होतं ते इंटरनेटवर नाही. ती म्हणाली, "आधी मांडणीवरची भांडी बोलाय लागली. मग भिंती बोलाय लागल्या." मांडणी म्हणजे स्वयंपाकघरात भांडी लावून ठेवायची फळी. "भांडी बोलायला लागली" हे वाक्य मी कधीच विसरणार नाही. पुढचं बरंचसं मात्र विसरलो. फाइल आहे ना, मग लक्षात कशाला ठेवायचं?

त्या फाइली मी लॅपटॉपवर घेतल्या. २०१७ मध्ये इंग्लंडला आलो, नवा लॅपटॉप घेतला, जुन्यावरचं सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकलं आणि जुना लॅपटॉप देऊन टाकला. फोन तर केव्हाच बदलला होता. २०१९ मध्ये आजी गेली. मला जाता आलं नाही. तेव्हाही मी त्या फाइली ऐकल्या नाहीत. धीर झाला नाही.

जानेवारी २०२३. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला शाळेत 'आमच्या घरातली म्हातारी माणसं' असं काहीतरी सांगायचं होतं. मी म्हटलं, थांब, तुला पणजीचा आवाज ऐकवतो. कपाटाच्या वरच्या फळीवरून डिस्क काढताना ती माझ्या हातून निसटली आणि फरशीवर पडली. फार उंचावरून नाही, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवरून. दिसायला तिला काहीच झालं नव्हतं. पण लॅपटॉपला जोडली तेव्हा आतून आवाज आला. टक्. टक्. टक्.

हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत चकत्या असतात. त्या मिनिटाला हजारो फेरे फिरतात. त्यांच्यावर वाचणारं एक छोटं टोक तरंगत असतं, त्याला हेड म्हणतात. हेड आणि चकती यांच्यातलं अंतर माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असतं. धक्का बसला आणि हेड बिघडलं, की ते माहिती शोधत राहतं, त्याला सापडत नाही, ते परत जागेवर येतं, परत जातं. तोच तो टक् टक् आवाज. माझ्या कामामुळे मला त्याचा अर्थ माहीत होता. मी लगेच डिस्क बंद केली. तुमच्यावर अशी वेळ आलीच, तर तुम्हीही तेच करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, त्याने आणखी खराब होतं.

बायकोने विचारलं, "दुसरीकडे असेल ना रे?"

मी गप्प बसलो. तिला कळलं.

बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या कंपन्या असतात. अशा एका कंपनीने साडेसहाशे पाउंड सांगितले. मी दिले. पाच आठवड्यांनी त्यांनी जे मिळालं ते पाठवलं. बरेचसे फोटो आले. आजीच्या अकरा फाइलींपैकी चार आल्या. भाताची लावणी आली, म्हैस आली. भूकंप नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला आजही बोचते. त्या अकरा फाइली मिळून दोनशे एमबीसुद्धा नव्हत्या. म्हणजे आज तुमच्या फोनवरचा एखादा लांब व्हिडिओ असतो, त्याहूनही लहान. गूगल कुणालाही पंधरा जीबी जागा फुकट देतं. त्यात आजीचे अकरा दिवस सत्तर वेळा मावले असते. जागा कमी पडली नव्हती. प्रत कमी पडली होती.

मग मी ठरवलं, आता घरासाठी नॅस घ्यायचं.

नॅस म्हणजे काय? नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज, त्याच्या इंग्रजी अक्षरांचा हा शब्द. मराठीत सांगायचं तर, घरच्या वायफायला जोडलेला साठवणीचा डबा. दिसायला एखाद्या जाड डिक्शनरीएवढा. आत हार्ड डिस्क बसवायला खण असतात, कपाटाला असतात तसे. हा डबा वायरने राउटरला जोडायचा. मग घरातले सगळे फोन, लॅपटॉप, टीव्ही त्याच्यात फोटो टाकू शकतात आणि त्याच्यातले बघू शकतात. तो रात्रंदिवस चालू असतो. तुम्ही बाहेरून आलात, वायफाय लागलं, की फोनमधले नवे फोटो आपोआप डब्यात जातात. कुणी आठवण करून द्यावी लागत नाही. हे 'आपोआप' मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण माझ्यासारख्या आळशी माणसाचा बॅकअप आपोआप झाला तरच होतो.

तुम्ही म्हणाल, काका, क्लाउड आहे की! बरोबर आहे. क्लाउड वाईट नाही, मीही वापरतो. पण १ जून २०२१ पर्यंत गूगल फोटोजवर मोबाइलचे फोटो हवे तेवढे फुकट ठेवता येत होते. त्या दिवसापासून ते पंधरा जीबीमध्ये मोजायला लागले. पुढे दर महिन्याला पैसे. पैसे द्यायला माझी हरकत नाही, पण भाडं थकलं तर सामानाचं काय होतं हा प्रश्न उरतोच. आमचं घरही भाड्याचंच आहे, त्यामुळे तो प्रश्न मला चांगला समजतो.

तर नॅस. कोणतं? इथे मी पहिली चूक केली. मी कंपनीत वापरतो तसं काहीतरी घरी करायला निघालो. जुना कॉम्प्युटर घ्यायचा, त्यावर ट्रूनॅस नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकायचं, सहा डिस्क लावायच्या. दोन आठवडे रात्री जागून मी तक्ते केले. किती वेग, किती वॉट, किती मेमरी. बायको नर्स आहे, तिला रात्रपाळी असते. एका सकाळी ती कामावरून आली तर मी अजून स्क्रीनसमोर.

ती म्हणाली, "मला एक सांग. उद्या तू गावाला गेलास आणि हे बंद पडलं, तर मी काय करायचं?"

"मला फोन करायचा."

"आणि तू फोन उचलला नाहीस तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती झोपायला गेली आणि मी तक्ता बंद केला. घरातल्या फक्त एका माणसाला उघडता येतं ते कपाट घराचं नसतं, त्या माणसाचं असतं. म्हणून मी तयार नॅस घ्यायचं ठरवलं. या क्षेत्रात सिनॉलॉजी आणि क्यूनॅप ही नावं तुम्हाला नेहमी दिसतील. दोन्ही कंपन्या तैवानच्या. मी सिनॉलॉजी घेतलं, कारण त्यांचं फोनवरचं ॲप बायकोला पाच मिनिटांत समजलं. डब्याचा वेग, प्रोसेसर वगैरे गोष्टी मी त्यानंतर बघितल्या. तुम्हाला कदाचित दुसरं ॲप सोपं वाटेल. तसं असेल तर दुसरं घ्या.

किती खण? चार खणांचं नॅस बघून मला मोह झाला होता. पण आमच्याकडे सगळे फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं मिळून सातशे जीबी भरली. मुलं मोठी होतात तसे व्हिडिओही मोठे होतात, म्हणून आजच्या पाचपटीहून जास्त जागा धरली. चार टीबीच्या दोन डिस्क घेतल्या आणि दोन खणांचा डबा. दोन्ही डिस्कवर तेच ते लिहिलं जातं, म्हणून वापरायला जागा मिळते चार टीबीच, आठ नाही.

आणि खरं तर चारसुद्धा नाही! डिस्क बसवली तर पडद्यावर दिसलं ३.६३. मुलगी म्हणाली, "बाबा, दुकानदाराने फसवलं." फसवलं नव्हतं. डिस्क विकणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि बरेच कॉम्प्युटर १०२४ च्या पटीत मोजतात. डाळ तीच, मापं वेगळी. चार पायऱ्या चढेपर्यंत हा फरक जवळजवळ नऊ टक्क्यांचा होतो.

डिस्क कोणती घ्यायची, यावर मात्र थोडं थांबू या, कारण इथे दुकानात कुणी नीट सांगत नाही. डिस्कच्या चकतीवर माहिती गोल गोल पट्ट्यांमध्ये लिहिलेली असते. काही डिस्कमध्ये या पट्ट्या शेजारी शेजारी, सुट्या असतात. त्यांना सीएमआर म्हणतात. काही डिस्कमध्ये जागा वाचवण्यासाठी एक पट्टी दुसरीवर थोडी चढवलेली असते. त्यांना एसएमआर म्हणतात. यातल्या 'एस'चा अर्थच मुळी छपरावर एकावर एक चढवलेल्या तुकड्यांवरून आला आहे. तुम्ही कोकणात किंवा पाटणला कौलारू घर बघितलं असेल. कौलं अशीच असतात, एकाची कड दुसऱ्यावर. आता मधलं एक कौल फुटलं तर काय करावं लागतं? शेजारची कौलं उचलावी लागतात, मग ते बदलायचं, मग परत सगळी बसवायची. एसएमआर डिस्कवर मधलंच काही बदलायचं असेल तर तसंच होतं, शेजारच्या पट्ट्या परत लिहाव्या लागतात. नुसतं साठवून कपाटात ठेवायचं असेल तर ही डिस्क चालेल. पण नॅसमध्ये एक डिस्क मेली आणि नवी बसवली, की सगळी माहिती नव्या डिस्कवर परत लिहावी लागते. त्या वेळी कौलारू डिस्क फार हळू चालते. म्हणून नॅससाठी सीएमआर. डिस्कच्या माहितीपत्रकात हे शब्द शोधा. नाही सापडले तर ती डिस्क घेऊ नका, असं माझं मत.

दोन्ही डिस्क मी वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्या. एकाच खोक्यातल्या, एकाच दिवशी बनलेल्या दोन डिस्क कधी कधी एकाच सुमारास आजारी पडतात. जुळ्या भावंडांना एकदम सर्दी होते तसं.

डबा, डिस्क सगळं मिळून साधारण साडेचारशे पाउंड झाले. आठवतंय ना, बिघडलेल्या डिस्कसाठी मी किती दिले होते?

डबा पहिल्यांदा बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली ठेवला. दिवसा काही कळलं नाही. रात्री शांत झाल्यावर आतल्या डिस्क कुरकुर करायला लागल्या. बायको म्हणाली, "हा उंदीर इथे नको." मग जिन्याखालच्या कपाटात ठेवला. इंग्लंडमधल्या घरांत जिन्याखाली असं कपाट बहुतेक असतंच, त्यात इस्त्रीचं टेबल आणि न लागणाऱ्या छत्र्या असतात. दोन दिवसांनी डब्याने मला ईमेल पाठवला की मला गरम होतंय. आता कपाटाचं दार थोडं उघडं असतं आणि छत्र्या बाहेर आहेत. घर भाड्याचं, भिंतीला भोक पाडता येत नाही, त्यामुळे राउटरपासूनची वायर फरशीच्या कडेने नेली आहे. दिसायला बरी दिसत नाही. असो.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे आयटीतली माणसंसुद्धा चुकतात.

दोन डिस्कवर एकच माहिती लिहिण्याच्या पद्धतीला 'रेड वन' म्हणतात. 'रेड' ही कल्पना १९८८ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या तिघांनी एका लेखात मांडली: एक मोठी महाग डिस्क घेण्यापेक्षा अनेक लहान, स्वस्त डिस्क एकत्र वापरा. रेड वनमध्ये एक डिस्क मेली तरी दुसरी चालू राहते. त्याला आरसा असंही म्हणतात. आणि माणसाला वाटतं, झालं, दोन प्रती झाल्या!

नाही झाल्या. आरशासमोर उभं राहून तुम्ही मिशी काढली, तर आरशातल्या माणसाचीही मिशी त्याच क्षणी जाते. डब्यात तुम्ही चुकून एक फोल्डर पुसलं, तर ते दोन्ही डिस्कवरून जातं. पाणी पडलं, चोरी झाली, आग लागली, तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात आहेत. शिवाय चोर घरातच यावा लागतो असं नाही. नॅस थेट इंटरनेटवर उघडं ठेवणाऱ्या लोकांच्या फाइलींना दुरून कुलूप घालून खंडणी मागण्याचे प्रकार जगभर झाले आहेत. म्हणून मी माझा डबा बाहेरून दिसणार नाही असा ठेवला आहे. सुट्टीत समुद्रावर बसून घरचे फोटो बघता येत नाहीत. नाही तर नाही. समुद्र बघावा.

फोल्डर पुसण्याचं म्हणाल तर ते मी स्वतः केलं. मे महिन्यात, एका रविवारी, नको असलेले व्हिडिओ काढता काढता मुलीच्या तिसऱ्या वाढदिवसाचं अख्खं फोल्डर उडवलं. पाच सेकंद पोटात खड्डा पडला. पण डब्यात मी 'स्नॅपशॉट' चालू ठेवले होते. म्हणजे रोज रात्री तो आपल्या फाइलींची त्या दिवशीची स्थिती लक्षात ठेवतो. शनिवारच्या रात्रीवर परत गेलो, वाढदिवस मिळाला. ही सोय सगळ्या मॉडेलमध्ये नसते, विकत घेताना विचारा.

आमच्या धंद्यात एक जुना नियम आहे, ३-२-१. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. तिसरा आकडा सगळ्यात अवघड. घराबाहेर म्हणजे कुठे?

याचं उत्तर मला खरं म्हणजे आधीच मिळालं होतं, फेब्रुवारीत. आजीच्या फाइली गेल्या हे मी पाटणला फोनवर सांगितलं. माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा काहीच बोलले नाहीत. पण त्यांनी माझ्या आत्याला सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी कराडहून आतेबहिणीचा फोन आला. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे.

"अरे, भूकंपाचं तू मला पाठवलं होतंस की, व्हॉट्सॲपवर."

"मी? कधी?"

"तेव्हाच. सगळं नाही, थोडंसं. थांब, शोधते."

ताईने तीन फोन बदलले होते, पण ती प्रत्येक वेळी जुनं सगळं नव्या फोनवर घेते. अर्ध्या तासाने फाइल आली. दोन मिनिटं आणि अकरा सेकंद. आजी खोकते, मग म्हणते, "आधी मांडणीवरची भांडी..." आणि मी जिन्यावर बसून ऐकलं. मुलगी शेजारी येऊन बसली. तिला अर्धं समजलं नाही. तिने विचारलं, "भांडी काय बोलली?"

मी बॅकअपचा व्यवसाय करतो आणि माझ्या आजीचा एकुलता एक बॅकअप ताईच्या फोनमध्ये होता, शेकडो लग्नांच्या आणि गुड मॉर्निंगच्या फोटोंमध्ये. तोसुद्धा मी ठरवून ठेवलेला नव्हता.

म्हणून बाहेरची प्रत पाटणला ठेवायची ठरवली. इंटरनेटवरून पाठवायचा हिशोब करून बघितला. आमच्या घरून माहिती वर पाठवायचा वेग सेकंदाला अठरा मेगाबिट. सातशे जीबी जायला रात्रंदिवस चालवलं तरी साडेतीन दिवसांहून जास्त लागले असते, आणि तेही पाटणच्या बाजूला सगळं नीट चालू असेल तर. कोयनेचं धरण तिथून लांब नाही, महाराष्ट्राला त्या पाण्याची वीज मिळते, पण पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते ती जातेच. दुसरं नॅस तिकडे बसवलं असतं तर अण्णांना मी रोज फोनवर त्रास दिला असता. त्यापेक्षा साधी बाहेरची डिस्क डब्याला लावली, एका रात्रीत प्रत झाली, आणि २०२३ च्या दिवाळीला जाताना ती मोज्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत नेली.

इथे एक निर्णय घ्यावा लागला. डिस्कला पासवर्डचं कुलूप घालायचं का? पासपोर्ट, बँक, घराचे करार यांच्या फोल्डरला घातलं. फोटो आणि आवाज उघडेच ठेवले. कुणाच्या हाती लागले तर लागले. माझ्या मुलीचे दात पडल्याचे फोटो चोरून कुणाचं काय भलं होणार? उलट कुलूप घातलं आणि पासवर्ड हरवला, तर मीच माझं साठवलेलं गमावणार. कुलपाचा पासवर्ड बायकोच्या पाककृतींच्या वहीत लिहिला आहे. कोणत्या पदार्थाखाली ते सांगत नाही.

अण्णांनी डिस्क हातात घेऊन वजन बघितलं.

"एवढ्यात सगळं मावलं?"

"सगळं नाही. मी घालवलं ते नाही."

"जाऊ दे," म्हणाले. मग त्यांनी लोखंडी कपाट उघडलं, जमिनीचे सातबारे आणि आजीची जोंधळी माळ ठेवली आहे त्या खणात ती ठेवली, वर एक सुती फडकं घातलं. "इथनं पडायची नाही."

आता दर वेळी जाताना मी नवी प्रत नेतो आणि जुनी परत आणतो. आणि नुसती नेत नाही, कपाटात ठेवण्याआधी अण्णांच्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइली उघडून बघतो. कामावर आम्ही हेच करतो. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

त्या दिवाळीत भाऊबीजेला आत्या आणि ताई पाटणला आल्या. भूकंप झाला तेव्हा आत्या बारा वर्षांची होती. अण्णा नऊ वर्षांचे. अण्णांना काहीच आठवत नाही, आजीने त्यांना झोपेतच उचलून अंगणात नेलं होतं. मी आत्याला आजीची दोन मिनिटं ऐकवली. तिने डोळे पुसले आणि मग एकदम म्हणाली, "पण हे असं नव्हतं."

"म्हणजे?"

"भांडी नंतर. आधी डोंगरातनं आवाज आला. दगड गडगडत यावेत तसा. आई चुलीपाशी निजायची, म्हणून तिला भांडी ऐकू आली. मी दाराशी होते."

मी फोन काढला. "आत्या, पहिल्यापासून सांगा."

तिने सांगितलं. चाळीस मिनिटं. घराच्या मागची भिंत कशी गेली, गुरं कुणी सोडली, नंतर किती रात्री सगळे उघड्यावर झोपले, थंडी किती होती. मध्ये अण्णा दोनदा "असं होय?" म्हणाले. छप्पन्न वर्षं एका घरातली माणसं, पण त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं.

रेकॉर्डिंग संपल्यावर मी जेवायलाही उठलो नाही. आधी फाइल ताईला पाठवली, पूर्ण, एक सेकंदही न कापता. मग अण्णांच्या कपाटातली डिस्क काढून तिच्यावर घातली. रेडिंगला आल्यावर फोन वायफायला लागला आणि जिन्याखालच्या डब्यात ती आपोआप गेली. फोल्डरमध्ये आता आजीची दोन मिनिटं अकरा सेकंद आहेत आणि तिच्या खाली आत्याची चाळीस मिनिटं. मुलीने दोन्ही ऐकली. तिचं म्हणणं, आजी आणि आत्या दोघींचंही बरोबर आहे, भांडी दगडांशी बोलत होती.